संपामुळे दुर्मीळ झालेली गाडी महाग असते का? नॉरवूडचा संप आणि 1972 ची कमॅरो

प्रश्न असा आहे: एका विक्रेत्याकडे 1972 ची शेव्हरोले कमॅरो झेड 28, म्हणजे कमॅरोची अधिक ताकदीची, वेगवान आवृत्ती, आहे. त्या वर्षी कारखान्यात प्रदीर्घ संप झाल्यामुळे अशा केवळ 2,575 गाड्या तयार झाल्या, म्हणून ही गाडी 1970 च्या झेड 28 पेक्षा अधिक मोलाची आहे आणि तिचा भावही तसाच असला पाहिजे, असे तो सांगतो. हा दावा कितपत ग्राह्य धरावा?

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मूल्यांकनाचे काम करताना हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याचा मोह होतो: संपाची हकीकत खरी आहे, आकडा खरा आहे आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. परंतु एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही, कारण त्याच संपाने त्याच कारखान्यातील दुसऱ्या एका गाडीचा भाव खरोखरच वर नेला आहे, आणि एकीचा भाव चढला तर दुसरीचा का चढला नाही, हे समजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

आधी संपाविषयी. ओहायो राज्यातील सिनसिनाटीला लागून असलेल्या नॉरवूड येथे जनरल मोटर्सचा 1923 पासून चालत आलेला जुळणी कारखाना होता. कमॅरो आणि पॉन्टियाक फायरबर्ड या एकाच सांगाड्यावर बेतलेल्या दोन गाड्या तेथे बनत. पूर्वी कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथेही कमॅरोची जुळणी होत असे, पण 1972 च्या मॉडेलसाठी सगळा भार एकट्या नॉरवूडवर आला होता. त्याच सुमारास कंपनीने हा कारखाना आपल्या जुळणी विभागाच्या ताब्यात दिला. शेव्हरोलेची जुळणी आणि फिशर बॉडीचे सांगाड्याचे काम या आधी वेगळ्या असलेल्या व्यवस्था एकत्र करणे, माणसे कमी करणे आणि उरलेल्यांकडून जुळणीच्या सरकत्या पट्ट्याच्या वाढत्या वेगाने काम करून घेणे, ही त्या विभागाची ख्याती होती. ओहायोतच लॉर्ड्सटाउन येथे, जेथे शेव्हरोले व्हेगा तयार होत असे, याच कारणावरून मार्च 1972 मध्ये 22 दिवसांचा संप झाला आणि देशभरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. नॉरवूडला तशी प्रसिद्धी मिळाली नाही. तेथे युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेच्या स्थानिक शाखेने 7 एप्रिल 1972 रोजी काम थांबवले आणि ते 27 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे 174 दिवस, थांबलेले राहिले. झगडा पगारवाढीचा नव्हता. पगाराचा देशव्यापी करार 1970 च्या 67 दिवसांच्या संपानंतर होऊन गेलेला होता. येथे प्रश्न होता तो कामाचा वेग, कपात झालेल्या जागा आणि साचून राहिलेल्या तक्रारी यांचा. जाहिरातीत ‘संपाच्या वर्षातील दुर्मीळ गाडी’ असे शब्द वाचताना, त्या दुर्मीळपणाची किंमत कुणीतरी जवळजवळ सहा महिने संघटनेच्या तुटपुंज्या भत्त्यावर घर चालवून आधीच मोजलेली आहे, हे मला हटकून आठवते.

या संपाने उत्पादनाचे जे नुकसान केले, त्यात केवळ थांबलेले दिवस नव्हते. कामगार बाहेर पडले तेव्हा पट्ट्यावर वेगवेगळ्या अवस्थेतील सुमारे 1,100 अर्धवट गाड्या उभ्या होत्या. एरवी संप मिटताच त्या पूर्ण करून विकता आल्या असत्या. पण मध्ये 1 सप्टेंबर 1972 ही तारीख येऊन गेली. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा नियमानुसार त्या दिवसापासून तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या पुढच्या बंपरने ताशी 5 मैलांची आणि मागच्या बंपरने ताशी 2.5 मैलांची धडक, दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा न होता, सोसणे बंधनकारक झाले. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो: नियम मॉडेलच्या वर्षाला नव्हे, तर प्रत्यक्ष उत्पादनाच्या तारखेला लागू होता. त्यामुळे एप्रिलमध्ये निम्मी झालेली 1972 ची गाडी ऑक्टोबरमध्ये पूर्ण केली, तर ती 1972 चे मॉडेल म्हणून विकणे कायद्याने शक्य नव्हते, आणि तिला 1973 चे बंपर व त्यांचे आधार बसवण्याचा खर्च कंपनीला परवडणारा नव्हता. म्हणून त्या गाड्या मोडीत काढण्यात आल्या. काही तंत्रशाळांना शिकवण्यासाठी दिल्या गेल्या. याच काळात ही संपूर्ण गाडीच बंद करावी, असा विचार कंपनीच्या वरच्या वर्तुळात गंभीरपणे सुरू होता. तिचा बचाव करणारेही आत होतेच, आणि त्यांचे म्हणणे टिकले.

आता आकडे. 1972 मध्ये सुमारे 68 हजार 600 कमॅरो तयार झाल्या, तर 1971 मध्ये 1 लाख 14 हजारांहून अधिक झाल्या होत्या. झेड 28 ची संख्या 1970 मध्ये 8,733, 1971 मध्ये 4,862 आणि 1972 मध्ये 2,575 अशी उतरत गेली. विक्रेता 2,575 हा शेवटचा आकडा दाखवतो आणि त्याआधीची उतरंड दाखवत नाही. 1970 ते 1971 या एका वर्षात, नॉरवूडचा संप नसतानाही, झेड 28 ची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. वेगवान गाड्यांवरील विम्याचे हप्ते भडकले होते, इंजिनांची ताकद कमी केली जात होती आणि तरुण ग्राहक पाठ फिरवत होता. शिवाय 1971 च्या आकड्यावर 1970 च्या देशव्यापी संपाचीही सावली आहेच.

मग 1972 च्या घटीत संपाचा वाटा किती? याचा नेमका हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही, पण ढोबळ अंदाज कोणालाही करता येतो. नवे मॉडेल साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम सात-साडेसात महिने चालले, असे धरू. संप नसता तर ते अकराएक महिने चालले असते. त्या प्रमाणात वाढवल्यास कमॅरोची एकूण संख्या लाखाच्या आसपास जाते. पुढच्या वर्षी, म्हणजे 1973 मध्ये, ती 96 हजार 700 च्या घरात होती. फायरबर्डचा आकडा याहून बोलका आहे. 1972 मध्ये 29,951 गाड्या झाल्या, त्याच प्रमाणात वाढवल्यास 44 ते 47 हजार होतात आणि 1973 चा प्रत्यक्ष आकडा 46,313 आहे. या दोन ताळ्यांवरून मला असे वाटते की एकूण उत्पादनातली 1972 ची घट बहुतांशी संपाचीच आहे, मागणी कोसळल्याची नव्हे. झेड 28 ला मात्र हाच हिशेब लावला तर संपाविना ती पावणेचार-चार हजारांच्या आसपास गेली असती, म्हणजे 1971 पेक्षाही कमीच. तिच्या बाबतीत घसरण आधीच सुरू झालेली होती, आणि संपाने फक्त तिचा शेवटचा टप्पा कापला. वेगवान गाड्यांची खरेदी वसंत आणि उन्हाळ्यात अधिक होते, हे जमेस धरले तर हा अंदाज थोडा वर सरकतो. पण 1970 च्या आकड्याजवळ तो कोणत्याही मार्गाने पोहोचत नाही.

किमतीकडे वळताना दोन वेगळ्या किमतींची गल्लत टाळली पाहिजे: त्या काळची शोरूममधली किंमत आणि आजची संग्राहकांच्या बाजारातली किंमत.

त्या काळच्या किमतीवर संपाचा दृश्य परिणाम जवळजवळ झाला नाही, आणि त्याचे कारण केवळ बाजारात नव्हे, वॉशिंग्टनमध्येही आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 15 ऑगस्ट 1971 रोजी पगार आणि किमती 90 दिवसांसाठी गोठवल्या, आणि त्यानंतरही मोठ्या कंपन्यांच्या किमतींवर सरकारी आयोगाचे नियंत्रण 1973 च्या जानेवारीपर्यंत राहिले. याच धोरणाचा भाग म्हणून मोटारींवरील 7 टक्के संघीय उत्पादनशुल्कही रद्द झाले. परिणामी, उत्पादन सहा महिने बंद असतानाही कंपनीला छापील किंमत मनासारखी वाढवण्याची मुभा नव्हती. ज्या वितरकाकडे एखादी गाडी शिल्लक असेल, त्याने सूट देण्यात हात आखडता घेतला असेल, एवढेच संभवते. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला थांबण्याचे कारणच नव्हते. शेजारच्या दालनात फोर्ड मस्टँग, डॉज चॅलेंजर, एएमसी जॅव्हलिन उभ्या होत्या. संपकाळात दवडलेली विक्री ही बहुधा कायमची दवडलेली विक्री असते.

आजच्या बाजारात दुर्मीळपणा हा भावाला गुणणारा आकडा असतो, पण आधी गुणायला काहीतरी असावे लागते. कोणालाही नको असलेली वस्तू कितीही कमी असली तरी स्वस्तच राहते. 1970 च्या झेड 28 कडे 11 ला 1 एवढ्या दाबाचे (म्हणजे इंधनमिश्रण अकरापट दाबणारे), 360 अश्वशक्तीचे एलटी-1 इंजिन होते, आणि ते नव्या घडणीच्या कमॅरोचे पहिलेच वर्ष होते. 1971 पासून कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून दाब 9 ला 1 वर आणला गेला. 1972 ची 255 अश्वशक्ती हा आकडा 360 च्या शेजारी ठेवून अनेकजण हळहळतात. ती तुलना मात्र बरोबर नाही, कारण 1970 चा आकडा उघड्या इंजिनावर मोजलेला ढोबळ आकडा आहे आणि 1972 चा, पंखा, एक्झॉस्ट आदी सर्व जोडण्यांसह मोजलेला निव्वळ आकडा आहे. 1971 साठी दोन्ही आकडे प्रसिद्ध झाले होते: ढोबळ 330 आणि निव्वळ 275. म्हणजे 1971 ते 1972 ही खरी घसरण 20 अश्वशक्तीची आहे. हे सगळे विचारात घेऊनही, सारख्या अवस्थेतील दोन गाड्यांपैकी बाजार 1970 च्या गाडीला ठळकपणे अधिक पैसे देतो, तिची संख्या तिपटीहून जास्त असूनही.

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण. त्याच कारखान्यातील, त्याच संपात सापडलेली 1972 ची पॉन्टियाक ट्रान्स ॲम, म्हणजे फायरबर्डची वेगवान आवृत्ती. तिची एकूण संख्या 1,286, त्यांतील हाताने गिअर बदलण्याच्या 458 आणि स्वयंचलित 828. नवी असताना तिची मूळ किंमत सुमारे 4,250 डॉलर होती. तिच्यात 455 घनइंचांचे एचओ (हाय आउटपुट, म्हणजे अधिक ताकदीचे) इंजिन होते, निव्वळ 300 अश्वशक्तीचे. 1971 मध्ये हेच इंजिन निव्वळ 305 चे होते, म्हणजे इतर गाड्या पंगू होत असताना ही जवळजवळ जशीच्या तशी राहिली. वरच्याच हिशेबाने संप नसता तर अशा 1,900 ते 2,000 गाड्या झाल्या असत्या, आणि 1971 चा आकडाही 2,116 आहे. येथे संपाने जी सहा-सातशे गाड्यांची तूट पाडली, ती अशा गाडीत पडली जिची मागणी आजही आहे आणि जिच्यात यांत्रिकदृष्ट्या काही उणे नाही. म्हणून हाताने गिअर बदलणारी 1972 ची ट्रान्स ॲम लिलावात आली की बोली लावणारे आपसूक सावध होतात. हा भाव संपाचा आहे, असे म्हणायला माझी हरकत नाही. सुपर ड्यूटी 455 हे इंजिन असलेली 1973 ची फायरबर्ड याहूनही दुर्मीळ आहे, ट्रान्स ॲम 252 आणि फॉर्म्युला ही दुसरी आवृत्ती 43, पण तिच्या कमतरतेचे कारण प्रदूषण चाचणीतील अडथळ्यांमुळे लांबलेला प्रारंभ हे होते. गाडीला मागणी असेल, तर कमतरता कशामुळे आली याची बाजार फारशी चौकशी करत नाही.

संप एखाद्या गाडीची संख्या वाढवूही शकतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 1969 मध्ये संपामुळे शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मागण्या तुंबल्या, तेव्हा शेव्हरोलेचे तत्कालीन प्रमुख जॉन डिलोरियन यांनी त्या वर्षाचे मॉडेल ठरलेल्या मुदतीपुढे आणखी सुमारे दोन महिने चालू ठेवले. परिणामी 1969 च्या कॉर्व्हेटची संख्या 38,762 वर गेली आणि उशिरा सुरू झालेल्या 1970 च्या गाडीची 17,316 वर राहिली. म्हणजे संप एका वर्षी झाला आणि दुर्मीळ ठरले पुढचे वर्ष. 1967 च्या शरद ऋतूतील फोर्डच्या देशव्यापी संपाबाबत मात्र मी सावध राहतो. मस्टँगची संख्या 4 लाख 72 हजारांवरून 1968 मध्ये 3 लाख 17 हजारांवर आली हे खरे, पण त्याच काळात कमॅरो आणि फायरबर्ड बाजारात उतरल्या होत्या, आणि तीन लाखांहून अधिक बनलेल्या गाडीला संपामुळे दुर्मीळ म्हणणे विनोदी ठरेल.

आणखी एक मुद्दा पुनर्बांधणीच्या खर्चाचा. नॉरवूडच्या संपानंतर ही गाडी बंद झाली असती, तर उरलेल्या गाड्यांना सुटे भाग मिळणे कठीण झाले असते. प्रत्यक्षात तोच सांगाडा 1981 पर्यंत चालला. त्यामुळे 1972 च्या गाडीचे निलंबन, फरशीचे पत्रे, ब्रेकचे भाग आजही सहज आणि माफक किमतीत मिळतात. अडचण येते ती केवळ त्या वर्षीच्याच खास भागांची. फायरबर्डची मधाच्या पोळ्यासारखी समोरची जाळी आणि कमॅरोची मोठ्या घरांची समोरची जाळी ही ठळक उदाहरणे. गाड्याच कमी बनल्या, तेव्हा मोडीतून मिळणारे अस्सल भागही कमीच. नक्कल बाजारात असते, पण जाणकार ग्राहक अस्सल भागाला वेगळा भाव देतो. संपाचा हा छोटा, पण खराखुरा आर्थिक परिणाम विक्रेत्यांच्या जाहिरातीत कधी दिसत नाही.

एक लबाडीही येथे नोंदवतो. एका विक्रेत्याने मला एक गाडी ‘मोडीत निघालेल्या 1,100 पैकी वाचलेली’ म्हणून दाखवली होती. तिचे मालकीपत्र स्वच्छ होते, आणि तेच माझ्या शंकेचे कारण ठरले: कारखान्याबाहेर विक्रीसाठी कधी गेलीच नाही, अशा गाडीला 1972 मध्ये नियमित मालकीपत्र मिळण्याचे कारण काय? ट्रिम टॅग, म्हणजे गाडीवर कारखान्यात लावलेली माहितीची छोटी पट्टी, पाहिल्यावर ती जानेवारीत तयार झालेली, सर्वसामान्य विकली गेलेली गाडी निघाली. विक्रेता खोटे बोलत होता की ऐकीव गोष्ट पुढे सांगत होता, हे मी ठरवू शकलो नाही. मूल्यांकनात त्याने काही फरकही पडत नव्हता.

आता मूळ प्रश्नातील गाडीविषयी. 1972 च्या झेड 28 चा एक गुण विक्रेत्याने सांगितलेलाच नाही, आणि माझ्या मते संपापेक्षा तो अधिक मोलाचा आहे. त्या वर्षापासून जनरल मोटर्सच्या गाडीक्रमांकात (म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळखक्रमांकात, नोंदणीच्या नव्हे) पाचवे अक्षर इंजिनाचा प्रकार सांगू लागले. झेड 28 असल्यास ते ‘एल’ असते, आणि 455 एचओ असलेल्या फायरबर्डवर ‘एक्स’. त्यापुढचा ‘2’ हा आकडा वर्ष दाखवतो आणि ‘एन’ हे अक्षर नॉरवूड. 1970 किंवा 1971 च्या गाडीक्रमांकावरून ती झेड 28 आहे की साधी कमॅरो पुढे सजवली आहे, हे कळत नाही, आणि बनावट झेड 28 ची संख्या पाहता ही मोठी जोखीम आहे. पॉन्टियाकच्या गाड्यांसाठी पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ नोंदींच्या प्रती मिळतात. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या कमॅरोसाठी तशी सोय नाही. म्हणून क्रमांकातच ओळख असलेली 1972 ची गाडी 1971 च्या, कागदपत्रे नसलेल्या गाडीपेक्षा थोडा जास्त भाव मागू शकते.

तेव्हा प्रथम पाचवे अक्षर पाहावे. ते ‘एल’ नसेल तर पुढची बोलणी झेड 28 च्या भावाने करूच नयेत. ते ‘एल’ असेल तर इंजिनवर ठोकलेला गाडीक्रमांकाचा अंश जुळतो का आणि ट्रिम टॅगवरील महिना इतर भागांच्या ओतकामाच्या तारखांशी मेळ खातो का, हे तपासावे. टॅगवर एप्रिलचा पहिला आठवडा आढळल्यास ती संपाआधीच्या अखेरच्या गाड्यांपैकी एक आहे, असे कौतुकाने म्हणता येईल, पण त्यासाठी वेगळे डॉलर मोजणारा ग्राहक मी अद्याप पाहिलेला नाही. हे सर्व जुळले, तर तितक्याच चांगल्या 1971 च्या गाडीचा भाव ही बोलण्यांची सुरुवात धरावी, क्रमांकातील ओळखीसाठी त्यावर थोडी रक्कम वाढवावी, आणि विक्रेता 1970 च्या भावावर अडून बसला तर गाडी त्याच्याकडेच राहू द्यावी.